मॉडेल फार्मची पन्हळ आणि आपला गोठा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्लंड-वेल्समधील 'मॉडेल फार्म'ची, म्हणजे नमुना म्हणून बांधलेल्या शेतवाड्यांची, छायाचित्रे प्रसिद्ध झाली. चित्रे देखणी होती. पण मथळ्यात त्यांना 'जनावरांचे राजवाडे' म्हटले गेले, आणि मजकूर मनोरे, घड्याळे, रंगीत विटांची नक्षी यांच्यापुढे सरकला नाही. जुन्या दगड-चुन्याच्या, कौलारू बांधकामांची पाहणी आणि डागडुजी हा आमचा व्यवसाय आहे आणि या इमारतींचे नकाशे आम्ही बारकाईने वाचले आहेत. त्यांचा जीव दोन वाटांमध्ये आहे: एक शेणामुताची, दुसरी पावसाच्या पाण्याची. या दोन वाटा एकमेकींना भेटू द्यायच्या नाहीत, या एका हट्टापायी तिथल्या वास्तुकारांनी छपरे, उतार, खांब, भिंती ठरवल्या. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी भागात आज सरकारी योजनेतून किंवा कर्ज काढून गावोगाव पक्के गोठे बांधले जात आहेत, आणि नेमका तोच हट्ट त्यांच्यात दिसत नाही. म्हणून हे पत्र. थोडे लांबेल, कारण मापे दिल्याशिवाय हा विषय सांगता येत नाही.

१८४६ साली इंग्लंडमध्ये परदेशी धान्याला अडवणारे कायदे रद्द झाले. बाहेरून स्वस्त धान्य येणार, तर आपल्या एकरातून जास्त काढले पाहिजे, हे तिथल्या जमीनदारांनी मनावर घेतले. त्याच सुमारास शेतीचे रसायनशास्त्र उभे राहत होते. जॉन लॉझ या जमीनदार-संशोधकाने सुपरफॉस्फेट या खताचे पेटंट घेतले १८४२ साली आणि त्यांच्या रॉथमस्टेड इथल्या जमिनीवर शेतप्रयोग सुरू झाले १८४३ साली. पेरूहून ग्वानो, म्हणजे समुद्रपक्ष्यांची विष्ठा, जहाजे भरभरून येत होती आणि तिला रोख पैसे मोजावे लागत. खत विकत घ्यायची वेळ आली तेव्हा घरच्या उकिरड्यातून ओघळून जाणारे काळपट पाणी लोकांच्या डोळ्यांत भरले. रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ ऑगस्टस फोएल्कर यांनी १८५० च्या दशकात शेणखताचे पृथक्करण करून दाखवले की उघड्यावरच्या खतातले पाण्यात विरघळणारे नत्र पाऊस धुऊन नेतो. तिथून पुढे गोठ्याचे छप्पर खताच्या हिशेबात धरले जाऊ लागले.

हा हिशेब आपल्यालाही तंतोतंत लागू आहे. एक मोठी गाय दिवसाला साधारण १५ ते २० किलो शेण टाकते आणि ६ ते १० लिटर मुतते. स्फुरद बहुतेक सगळे शेणात असते. पण पालाशचा मोठा वाटा आणि नत्राचा जवळजवळ अर्धा हिस्सा मुतात असतो. शेण जपून ठेवले आणि मूत गटारात सोडले, तर अर्धा ऐवज रस्त्यावर ओतल्यासारखे झाले.

आता रचनेबद्दल. व्हिक्टोरियन शेतवाडीचा नकाशा बहुधा इंग्रजी ई किंवा यू या अक्षराच्या आकाराचा असे. आडवी मोठी रांग उत्तरेला. तिच्यात मळणीचे कोठार, त्याला लागून वाफेच्या इंजिनाची खोली आणि विटांचे धुराडे. तिथून दक्षिणेकडे गोठ्यांच्या रांगा निघत आणि दोन रांगांच्या मधे कुंपणाची अंगणे असत. एकाच इंजिनावरून छताखालच्या लांब दांड्यावर पट्टे चढवून मळणीयंत्र, कडबा कापायचे यंत्र, कंदांच्या चकत्या करणारे यंत्र, पेंड फोडायचे यंत्र असे सगळे चाले. पेंढी एका टोकाने आत येई. दाणा वरच्या कोठीत जाई, काड आणि वैरण जनावरांकडे जाई, जनावरांकडून खत निघे आणि गाडीत भरून शेताकडे जाई. एकदा पुढे गेलेला माल मागे यायचा नाही आणि कोणीही ओझे घेऊन चढ चढायचा नाही. गिरणीची शिस्त शेतीत आणली होती ती अशी.

चढाची गोष्ट सर्वांत चांगली दिसते ती ऑक्सफर्डशायरमधील कोल्सहिल इथे. रॅडनरच्या अर्लसाठी १८५० च्या दशकात बांधलेली ही होम फार्म, म्हणजे जमीनदाराची स्वतःची शेतवाडी, आज नॅशनल ट्रस्टकडे आहे. जागा उताराची होती. ती सपाट न करता कोठार वर आणि जनावरे खाली अशी मांडणी केली. वैरण वरून खाली स्वतःच्या वजनाने येते आणि खत त्याच्याही खालच्या अंगाला निघते. खानापूर तालुक्यात सपाट परडे कुणाच्या नशिबात आहे? तरीही आपल्याकडे गोठा बांधायचा म्हटला की पहिला दिवस जेसीबीचा. उतार कापला की मागच्या बाजूला मातीची उभी कड तयार होते, पावसाळ्यात तिच्यातून पाझर फुटतो आणि गोठ्याची मागची भिंत आश्विनापर्यंत ओली राहते. चार फुटांचा उतार असेल तर तो राखावा. वर पिंजराची गंजी आणि वैरणीची खोली, मधे गोठा, खाली खत आणि मुताची टाकी. रोजचे उचलणे निम्म्यावर येते.

यापेक्षा मोठा शोध म्हणजे छताखालचे अंगण. आधी अंगणे उघडी असत. पाऊस थेट खतावर पडे, शिवाय भोवतालच्या चारही छपरांचे पाणी त्याच अंगणात उतरे. सॉमरसेटमधील ईस्ट हार्पट्री इथल्या ईस्टवुड मॅनर फार्ममध्ये १८५८ च्या सुमारास दोन अंगणे सबंध छपराखाली घेतली. आज ती इमारत तिथल्या सर्वोच्च म्हणजे पहिल्या श्रेणीच्या संरक्षणाखाली आहे. छपराखाली जनावरे मोकळी फिरत, पायाखाली रोज नवे काड पसरले जाई, आणि महिनोन् महिने तुडवून खत घट्ट बसत जाई. काही ठिकाणी प्रत्येक जनावराला वेगळा खण असे आणि त्याची जमीन भोवतालापेक्षा सुमारे २ फूट खोल ठेवलेली असे. खण भरेपर्यंत खत हलवायचेच नाही, अशी ही पद्धत. छपराचे स्वच्छ पाणी पन्हळीतून वेगळ्या टाकीत आणि जमिनीवरचे मूत दुसऱ्या टाकीत. दोघांचे नळ वेगळे.

आकड्यात मांडू. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ३३ फूट बाय १६ फूट गोठ्याचे छप्पर सुमारे ५० चौरस मीटर भरते. बेळगाव शहराच्या आसपास वर्षाला १,२०० मिलिमीटर धरले तरी त्या छपरावरून ६०,००० लिटर पाणी उतरते. एका दिवसात १०० मिलिमीटर कोसळला, तर त्या एका दिवसाचे ५,००० लिटर. कणकुंबी-जांबोटीकडे हा आकडा कुठे जाईल ते तिथल्या लोकांना सांगायला नको. आपल्याकडे उकिरडा, कुठे त्याला गायरी म्हणतात, बहुधा गोठ्याच्या मागे अगदी पागोळ्यांखालीच असतो, कारण शेण ओढून टाकायला ते सोयीचे पडते. म्हणजे जून ते सप्टेंबर हे सगळे पाणी आपल्या खतातून गाळून ओढ्याला सोडण्याची व्यवस्था आपणच केलेली असते. चार महिन्यांनी जे उरते ते काळे दिसते, भुसभुशीत असते, पण त्यात कस थोडाच राहतो.

उपाय स्वस्त आहे. आधी पन्हळ. पत्र्याची ६ इंची अर्धगोल पन्हळ दर १० फुटांना किमान १ इंच उतार देऊन बसवावी, तिला दर ३ फुटांना पट्टी द्यावी आणि ४ इंची नळाने पाणी उकिरड्यापासून दूर नेऊन टाकीत किंवा चरात सोडावे. पन्हळ कुठे फसते? पट्ट्या कमी पडल्याने मधे झोळ येतो, झोळात पाने-पिंजर साठते, पाणी मागच्या बाजूने उलटते आणि वाशांची टोके कुजतात. त्या इंग्रजी इमारतींचाही कमकुवत सांधा हाच होता. रुंद अंगण झाकायला दोन-तीन छपरे शेजारी-शेजारी घेतली की त्यांच्या मधे खोल पन्हळ येते. ती शिशाच्या पत्र्याने मढवलेली असे आणि तिचे पाणी कधी कधी बिडाच्या पोकळ खांबातूनच खाली सोडलेले असे. १८५१ च्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ही युक्ती गाजली होती. दिसायला सुंदर, पण खांब तुंबला की आतून कधी गंजतो ते कळत नाही. थंड देशात आतले पाणी गोठून बीड तडकते. आज या इमारतींच्या कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे लाकडी सांगाडे, जिथे कुजलेल्या सापडतात, तिथे बहुतेक वेळा कारण मधली पन्हळच निघते. आपल्या पावसात दोन पाख्यांच्या मधली पन्हळ शक्यतो टाळावीच. गोठा रुंद करण्यापेक्षा लांब करावा.

मग खतावर छप्पर. चार खांब आणि वर गवताचे किंवा जुन्या पत्र्याचे छप्पर पुरते. पण इथे विलायतेची नक्कल जशीच्या तशी चालणार नाही. तिथे हवा थंड आणि दमट, शिवाय जनावरांच्या पायाखाली खत घट्ट दाबलेले. त्यामुळे ते तापत नसे. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये छपराखालचे खत कोरडे पडते, आत हवा शिरते, तापते आणि नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते. डोळ्यांना झोंबणारा वास आला की नुकसान सुरू झाले असे समजावे. म्हणून उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी टाकीतले मूतच त्यावर शिंपावे, थर पायाने दाबावा आणि वरून २ इंच माती टाकावी. अथणी-रायबागसारख्या कमी पावसाच्या भागात ३ फूट खोल आणि ५-६ फूट रुंद खड्डा चांगला. खानापूरच्या पश्चिम भागात खड्ड्यात खालून पाणी भरते. तिथे जमिनीवर फूटभर उंच दगडी ओटा करून त्यावर ढीग घालावा.

छपराबद्दल आणखी थोडे, कारण या इमारतींचे खरे कसब तिथे आहे. बंद अंगणात पन्नास-साठ जनावरे राहिली की त्यांच्या श्वासाची वाफ वर चढते, थंड छपराला लागते आणि थेंबाथेंबाने खाली गळते. म्हणून आढ्यावर, म्हणजे छपराच्या माथ्यावर, झडपांचा उंचवटा ठेवत. काही ठिकाणी वेल्सच्या पाटीच्या दगडाची पाने मुद्दाम फटी ठेवून बसवत. पाऊस आत येत नाही, पण वाफ बाहेर जाते. भिंतीत विटांच्या जाळ्या सोडत. मंगळुरी कौल हे काम आपसूक करते, कारण त्याच्या सांध्यांतून हवा खेळते. हे कौलही त्याच शतकाचे अपत्य: बासेल मिशनचा मंगळूरचा कारखाना १८६५ चा. आज कौले उतरवून पत्रा चढवला जातो आणि पत्र्याच्या आढ्यावर टोपण घट्ट ठोकले जाते. मग सकाळी गोठ्यात आतूनच पाऊस पडतो आणि दुपारी भट्टी होते. गळतीच्या तक्रारीवरून पत्र्यावर डांबर फासलेले आम्ही पाहतो. गळत असते ती आतली वाफ. पत्राच घालायचा तर पागोळीकडे उंची किमान ८ फूट आणि आढ्याकडे १२ ते १५ फूट ठेवावी. गोठ्याच्या रुंदीला दर १० फुटांमागे २ इंच या हिशेबाने आढे उघडे ठेवावे आणि त्यावर ६ इंच उचललेले, दोन्ही बाजूंना फूटभर पुढे येणारे टोपण बसवावे. २० फुटी गोठ्याला आढ्यावर ४ इंचांची फट आली. हवा आत यायला खालच्या बाजूनेही वाट हवी. भिंत छपरापर्यंत चढवली तर वरच्या फटीचा उपयोग नाही.

दिशांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, कारण चित्रे पाहून नक्कल करणारा इथे हमखास फसेल. तिथे ऊन हवे असते आणि उत्तरेचा वारा नको असतो. म्हणून उंच कोठार उत्तरेला आणि अंगण दक्षिणेला उघडे. घोड्यांच्या पागेचे तोंड पुष्कळदा पूर्वेला, कारण पहाटे लवकर काम सुरू होई. गाड्यांची पडवी सावलीच्या बाजूला उघडी, नाहीतर उन्हाने चाकाचे लाकूड आटून धावा सैल होत. लोण्याची खोली उत्तरेला. विंडसरजवळ फ्रॉगमोर इथे प्रिन्स अल्बर्ट यांच्यासाठी जॉन थॉमस यांनी १८५८ साली आखलेली दुधाची इमारत आत मिंटन कारखान्याच्या टाइल्सनी मढवलेली आहे म्हणून सगळे तिचे फोटो काढतात. पण तिच्या पोकळ भिंती आणि दुहेरी छप्पर हेच तिला थंड ठेवतात. आपल्याकडे ऊन टाळायचे आणि पश्चिमेचा झोडपणारा पाऊस टाळायचा. म्हणून आढे पूर्व-पश्चिम धरावे. लांब बाजूंना ऊन कमी लागते आणि पावसाला अरुंद बाजू समोर येते. पश्चिमेची ती त्रिकोणी भिंत पूर्ण बंद करावी. दक्षिणेची पागोळी ३ फूट बाहेर काढावी, कारण नैर्ऋत्येची सर तिरकी आत येते.

जमीन आणि कोपरे ही बारीक कामे. तिथे स्टॅफर्डशायरच्या निळसर, काचेसारख्या कडक भाजलेल्या विटा खाचा पाडून जमिनीला घालत. मूत मुरत नाही आणि खूर घसरत नाही. दाराच्या चौकटींना गोल कडेच्या विटा, नाहीतर बिडाचे कोपरे, म्हणजे गाभण गाईच्या कमरेला धार लागत नाही. आपल्याकडे 'पक्का' म्हणजे सिमेंटचा गुळगुळीत घोटा, असा समज आहे. अशा गुळगुळीत जमिनीवर म्हैस घसरली आणि मागचे पाय फाकले की ती पुन्हा उभी राहीलच असे नाही. काँक्रीट ४ इंच जाड घालावे आणि ओले असतानाच लाकडी पट्टीने सुमारे १ सेंटिमीटर खोल खाचा, ३ ते ४ इंचांवर, नालीच्या दिशेने पाडाव्यात. जनावराची उभी राहायची जागा १.५ ते १.७ मीटर लांब, १.०५ ते १.२ मीटर रुंद. जास्त लांब केली तर शेण जागेवरच पडते आणि कास त्यात बुडते. आखूड केली तर मागचे खूर नालीत जातात. मागे ४० ला १ उतार. नाली १ फूट रुंद, जेमतेम २ ते ३ इंच खोल, तळ गोल, आणि दर १० फुटांना १ इंच उतार. खोल चौकोनी नाली करू नका. तिच्यात पाय मुरगळतो आणि कोपऱ्यात शेण सुकून बसते. चार जनावरांचे दिवसाला ३० ते ३५ लिटर मूत धरले आणि गोठा धुण्याचे पाणी वेगळे काढले, तर १,००० लिटरची टाकी महिनाभर पुरते. धुण्याचे पाणी त्यातच सोडले तर ती चार दिवसांत भरते, मालक वैतागतो आणि पुन्हा सगळे रस्त्यावर.

लोखंडी खांब थेट जमिनीत गाडणे ही आणखी एक नेहमीची चूक. तिथले बिडाचे खांब दगडाच्या बैठकीवर उभे असत, मुताच्या ओलीच्या वर. आपल्या पाइपच्या खांबाला ९ ते १२ इंच उंच काँक्रीटची बैठक द्यावी. नाहीतर चार-पाच पावसाळ्यांत नेमका जमिनीलगत गंजून तुटतो. काँक्रीटही त्यांनी वापरून पाहिले होते. ऑक्सफर्डशायरमधल्या बस्कट इथे १८७० च्या सुमारास शेतीच्या इमारती काँक्रीटच्या बांधल्या गेल्या. त्यांत सळई नव्हती. आपल्या खांबात सळई असते आणि क्षार तिथवर पोहोचले की ती गंजून फुगते आणि काँक्रीट पापुद्रे टाकते. तेव्हा खालच्या तीन फुटांत सळईवर काँक्रीट किमान ४० मिलिमीटर हवे.

आता आमच्या रोजच्या कामातला प्रश्न, लोणा. जुन्या वाड्याच्या गोठ्याची भिंत कमरेपर्यंत पांढरी पडते, हात लावला की पीठ गळते, जांभा दगड असेल तर त्याला खळगे पडतात. हे नुसत्या ओलीचे काम नव्हे. पिढ्यान् पिढ्या मूत जमिनीत मुरले, जंतूंनी त्याचे नायट्रेट केले, आणि ते क्षार पाण्याबरोबर भिंतीत चढले. पूर्वी अशाच मातीतून सोरा काढत, यावरून प्रमाण लक्षात यावे. पाणी पृष्ठभागावर येऊन उडून जाते, क्षार तिथेच स्फटिक होऊन फुगतात आणि दगडाची, विटेची कातडी सोलतात. इंग्लंडमधल्या मॉडेल फार्मचे घर किंवा कार्यालय करताना तिथे जो त्रास होतो, तोच इथे आहे, आणि दोन्हीकडे चूकही एकच: वर सिमेंटचा गिलावा. सिमेंटमधून ओल बाहेर पडत नाही. ती आणखी वर चढते आणि दोन वर्षांत लोणा कमरेवरून खांद्यावर येतो. गिलावा पडतो तेव्हा मागच्या विटेचा अर्धा इंच घेऊन पडतो.

काम असे करावे. पहिल्यांदा ओलीचा उगम बंद: पन्हळ दुरुस्त, भिंतीलगतची साठलेली माती-शेण काढून बाहेरची जमीन आतल्यापेक्षा किमान ६ इंच खाली. सिमेंटचा गिलावा छिन्नीने हलक्या हाताने काढावा. ब्रेकर लावू नये. भिंत एक उन्हाळाभर उघडी वाळू द्यावी. पांढरे क्षार कोरड्या कुंच्याने झाडून गोणीत भरून बाहेर न्यावेत. पाण्याने धुतले तर ते विरघळून पुन्हा आत जातात, ही चूक अनुभवी गवंडीही करतात. सांधे इंचभर खोल कोरावेत. मग १ भाग चुना आणि ३ भाग धुतलेली जाडसर वाळू. मजबुतीसाठी चुन्याच्या निम्म्याने सुरखी, म्हणजे विटांचा चुरा. हा पहिला गिलावा क्षार ओढून घेण्यासाठीच असतो, तो वर्षा-दोन वर्षांत खराब होणार हे घरमालकाला आधीच सांगावे. तो काढून टाकला की त्याबरोबर क्षारही जातात, मग दुसरा हात टिकतो. चुना ताजा असताना ओल्या गोणपाटाखाली किमान आठवडाभर ठेवावा. उन्हात सोडला तर भुरभुरतो. पावसाळ्यात हे काम काढू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला.

लाकडाचेही सांगतो. तुळईचे भिंतीत शिरलेले टोक कुजते, कारण ते चारही बाजूंनी चुन्यात दाबलेले असते. बदलताना फक्त कुजलेला भाग कापून जोड द्यावा आणि नव्या टोकाभोवती दोन बोटे हवा खेळेल अशी मोकळी खोबण सोडावी. सागाची सबंध तुळई भंगारवाल्याला देऊन लोखंडी चॅनल टाकणे महागही पडते आणि गोठ्यातल्या हवेत चॅनल टिकतही नाही.

या इमारतींनी मालकांना पैसा मिळवून दिला का? पुष्कळांना नाही, आणि ते लपवून उपयोग नाही. वेल्शपूलजवळ लेटन इथे लिव्हरपूलचे बँकर जॉन नेलर यांनी डोंगरमाथ्यावर खताच्या पाण्याची टाकी आणि तिथवर चढणारी दोराची रेल्वे केली. एसेक्समध्ये टिपट्री हॉलच्या मेकी यांनी गोठ्याला फटींची लाकडी जमीन करून पातळ खत वाफेच्या इंजिनाने लोखंडी नळांतून शेतावर पाठवले. मेकी यांचे पैसे अडकलेली बँक बुडाली, हंगाम वाईट गेले आणि १८८० साली ते कर्जातच वारले. अमेरिकेचा गहू रेल्वे आणि आगबोटींनी येऊ लागला. इंग्लंडमध्ये १८७७ साली क्वार्टरला (धान्याचे जुने इंग्रजी माप) ५६ शिलिंगांवर असलेला गव्हाचा भाव १८९४ साली २३ शिलिंगांच्या खाली आला. त्यानंतर असे बांधायची हिंमत फारशी कोणी केली नाही. बुडाले ते नळ, इंजिने आणि मनोरे यांच्या खर्चाने. उतार, पन्हळ, झाकलेले खत आणि उघडे आढे यांना तेव्हाही फार पैसे पडत नव्हते, आताही पडत नाहीत. इंग्रजांच्या काळात लष्करी डेअरी हिंदुस्थानातही आल्या. पहिले मिलिटरी फार्म १८८९ साली अलाहाबादला सुरू झाले आणि २०२१ साली ही सबंध व्यवस्था बंद झाली. बेळगावकरांना 'मिलिटरी डेअरी' हे नाव परके नाही. अशा जागांवर जुने गोठे, नाल्या, गव्हाणी जिथे उरल्या असतील तिथे पाडण्याआधी निदान मापे घेऊन नकाशा काढावा आणि उतारांची नोंद करावी. वर गेलेले छप्पर फोटोत दिसते, नालीचा उतार दिसत नाही.

आमची मागणी ग्रामपंचायत आणि तालुका पंचायतीच्या अभियंत्यांकडे आहे. गोठ्याच्या अंदाजपत्रकात जमीन, गव्हाण, भिंत आणि छप्पर यांच्या ओळी असतात. त्यात आणखी चार घाला: पन्हळ आणि तिचा नळ, उघडे आढे टोपणासह, १,००० लिटरची मुताची टाकी, आणि उकिरड्यावरचे छप्पर. निधी तेवढाच असेल तर पश्चिमेची सोडून बाकी भिंती कमरेएवढ्याच ठेवा आणि गिलावा वगळा, त्यातून या चार कामांचा खर्च बराचसा निघतो. आणि बिल मंजूर करण्यापूर्वी नालीच्या वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओतून पाहा. ते कुठे थांबते आणि कुठे जाते, एवढे पाहिले की बाकीचा गोठा कसा बांधला आहे ते कळते.

कळावे,
आपले,
जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीचे काम करणारे काही वाचक
खानापूर, जि. बेळगाव